'इमारी' आणि 'जपान' : इंग्लिश चिनी भांड्यांच्या नावांचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

धाराशिव जिल्ह्यातील परंडा येथील भुईकोट किल्ला दख्खनच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. इ. स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबराने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले ते याच ठिकाणी. परंड्याच्या बुरुजांवर आजही अनेक तोफा आहेत. परंतु या किल्ल्याशी संबंध असलेली सर्वांत विख्यात तोफ तेथे नाही. ती विजापूरच्या तटावर आहे. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव मुहंमद बिन हसन रूमी. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यानंतर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरविला. तिचे मूळ नाव 'मलिक-ए-मैदान', म्हणजे रणांगणाचा स्वामी. मराठीने 'मलिक'चे 'मुलूख' केले आणि 'मुलूखमैदान' हा शब्द घडविला. आज तो तोफेपेक्षा गर्जणाऱ्या वक्त्यालाच अधिक वेळा लावला जातो.

ओतली गेली ते गाव एक, काही काळ राहिली ते दुसरे आणि जेथील म्हणून प्रसिद्धीस आली ते तिसरे, असा या तोफेचा प्रवास आहे. 'विजापूरची तोफ' हे तिचे वर्णन खोटे नव्हे. तथापि त्या वर्णनावर विसंबून तिच्या कारागिराचा शोध घेऊ लागणारा अभ्यासक विजापुरातच अडकून पडेल. वस्तूला चिकटलेले स्थलनाम वस्तूच्या आयुष्यातील कोणत्या टप्प्याचे आहे, हे ठरविल्याशिवाय त्या नावाचा पुरावा म्हणून उपयोग करता येत नाही.

स्थलनामावरून पडलेली वस्तुनामे साधारणपणे तीन प्रकारची असतात. काही नावे वस्तू जेथे घडली त्या स्थळाची असतात. काही नावे ती ज्या बंदरातून किंवा बाजारपेठेतून बाहेर पडली तेथील असतात. काही नावे मात्र केवळ वळणाची, म्हणजे शैलीची असतात. त्यांतील स्थलनामाचा स्थळाशी असलेला संबंध सुटलेला असतो. एकच नाव कालांतराने एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाते, ही गोष्टही महाराष्ट्राला अपरिचित नाही. 'पैठणी' हे नाव पैठणचे. परंतु आज बहुतेक पैठण्या येवल्यास विणल्या जातात आणि त्यांना कोणी 'येवली' म्हणत नाही. 'बिदरी' हे नाव बिदरचे. पण त्या पद्धतीचे काम लखनौ व पूर्णिया येथेही झाले आणि तेही बिदरीच ठरले.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्ये तयार झालेली, जपानी धर्तीच्या नक्षीची चिनी मातीची भांडी हे या प्रक्रियेचे विशेष गुंतागुंतीचे उदाहरण होय. डर्बी येथील कारखान्यातून निघालेली एखादी बशी घेतली, तर तिचे वर्णन 'चिनी मातीची, इमारी रंगसंगतीची, जपान नमुन्याची, डर्बीची बशी' असे करावे लागते. या वर्णनात चार स्थलनामे आहेत, आणि त्यांपैकी फक्त शेवटचे बशी कोठे घडली हे सांगते. उरलेली तीन नावे काय सांगतात आणि त्यांच्यामुळे कोणाचे श्रेय झाकले जाते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. 'चिनी' : देशनामाचे द्रव्यनाम

मराठीतील 'चिनी' हा शब्द प्रथम तपासणे सोयीचे होईल. फार्सीमध्ये 'चीनी' या विशेषणाला 'चीनमधून आलेले भांडे' असा नामार्थ प्राप्त झाला आणि तो हिंदुस्थानातील भाषांत पसरला. इंग्रजीतील 'चायना' हा भांडीवाचक शब्दही या फार्सी 'चीनी'शीच जोडलेला आहे. तो हिंदुस्थानातील व्यवहारातून सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ झाला, असे इंग्रजी कोशकार सांगतात. म्हणजे मराठी 'चिनी' आणि इंग्रजी 'चायना' यांचे नाते भाषांतराचे नसून भावंडांचे आहे.

हा शब्द दख्खनमध्ये किती लवकर देशापासून सुटला याचे उत्तम प्रमाण दौलताबादच्या किल्ल्यात आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन याला १६८७ नंतर जेथे कैदेत ठेवण्यात आले ती इमारत 'चिनी महाल' या नावाने ओळखली जाते. तिला हे नाव पडले ते भिंतीवरील निळ्या, झिलईदार फरशांमुळे. ती इमारत चिन्यांनी बांधलेली नाही. येथे 'चिनी'चा अर्थ 'झिलई असलेले, चकाकणारे मृत्काम' एवढाच उरलेला आहे.

आधुनिक मराठीत 'चिनी माती' ही संज्ञा आणखी संदिग्ध झाली. ती भट्टीत घालण्यापूर्वीच्या पांढऱ्या मातीलाही लावली जाते आणि भाजून तयार झालेल्या पदार्थालाही. त्या पांढऱ्या मातीची शास्त्रीय संज्ञा 'केओलीन' अशी आहे. ती संज्ञाही चीनमधील जिंगडेझेन या भांड्यांच्या नगराजवळील गाओलिंग या टेकडीच्या नावावरून आलेली आहे. 'पोर्सलिन' हा शब्द मात्र स्थलवाचक नाही. इटालियन भाषेत 'पोर्चेल्लाना' म्हणजे कवडी. तुळजापूरच्या भवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील माळेत जी गुळगुळीत, पांढरी, किंचित पारदर्शक वाटणारी कवडी दिसते, तिच्यासारखा ज्याचा पृष्ठभाग तो पदार्थ 'पोर्सलिन', अशी ही उपमेवरून झालेली शब्दसिद्धी आहे.

बंदरावरून पडलेल्या नावाचे उदाहरणही याच भांड्यांच्या परिवारात सापडते. हिंदी-उर्दूत लोणच्याच्या झिलईदार बरणीला 'मर्तबान' म्हणतात. मर्तबान हे ब्रह्मदेशातील बंदर. तेथून निघणाऱ्या मोठ्या बरण्या सर्वच तेथे घडलेल्या नव्हत्या; सयाम व दक्षिण चीन येथील बरण्याही त्याच नावाने विकल्या गेल्या. 'बशी' हा शब्द पोर्तुगीज 'बासिया'पासून आला, आणि त्याला इंग्रजी 'कप' जोडून मराठीने 'कपबशी' हा समास सिद्ध केला. एका घोटाच्या चहासाठी लागणाऱ्या या वस्तूच्या नावात दोन युरोपीय राष्ट्रांच्या व्यापाराचा इतिहास साठलेला आहे. तिच्या द्रव्याच्या नावात चीन आहे आणि तिच्या नक्षीच्या नावात पुष्कळदा जपान असतो.

३. आरिता येथील घडण आणि इमारीची वाट

जपानच्या क्यूशू बेटावरील हिझेन प्रांतात, म्हणजे आजच्या सागा विभागात, आरिता हे गाव आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९२ ते १५९८ या काळात, जपानी सैन्याने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना तेथील कुंभार पकडून आणले. त्यांपैकी यी साम-प्योंग या कोरियन कारागिराने १६१६ च्या सुमारास आरिताजवळील इझुमियामा येथे पोर्सलिनला योग्य असा दगड शोधून काढला, अशी परंपरा आहे. तारखेविषयी मतभेद असले, तरी जपानी पोर्सलिनचा आरंभ सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणात आरिता येथे, कोरियन कारागिरांच्या हातून झाला, याविषयी शंका नाही.

या उद्योगाला युरोपीय बाजार मिळाला तो चीनमधील राजकीय उलथापालथीमुळे. १६४४ मध्ये मिंग घराण्याची सत्ता कोसळली आणि जिंगडेझेनचा माल दुर्मीळ झाला. डच ईस्ट इंडिया कंपनीला १६४१ पासून नागासाकीच्या देजिमा बेटावर वखार ठेवण्याची परवानगी होती. तिने आरिताकडे मोहरा वळविला. १६५९ मध्ये कंपनीने केलेली मागणी सुमारे ६५,००० नगांची होती आणि तीतील मोठा भाग तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरासाठी होता. आरिता हे गाव समुद्रापासून दूर असल्याने माल प्रथम जवळच्या इमारी बंदरात येई आणि तेथून नावांतून पुढे जाई. जपानमधील अंतर्गत व्यापारातही या मालाला बंदराच्या नावानेच ओळखत. तेव्हा 'इमारी' हे युरोपियनांच्या अज्ञानातून निघालेले नाव आहे असे म्हणता येणार नाही. ते मालाच्या वाटेचे नाव आहे. पण त्या वाटेच्या नावाने घडणीचे गाव झाकले गेले आणि कोरियन कारागिरांचा संबंध तर आणखी एक पायरी मागे पडला.

आरिताच्या रंगीत मालात दोन वळणे प्रमुख आहेत. पहिले काकिएमोन वळण. सतराव्या शतकाच्या मध्यास होऊन गेलेल्या साकाइदा काकिएमोन या कारागिराच्या नावावरून ते ओळखले जाते. त्याच्या नावातील 'काकी' हे आपल्याकडील टेंभुर्णीच्या प्रजातीतील एक फळ असून त्याचा तांबूस-केशरी रंग हा या वळणाच्या तांबड्याशी जुळतो. दुधासारखी पांढरी पार्श्वभूमी, तिच्यावर एका बाजूस झुकलेली विरळ नक्षी आणि मोठी मोकळी जागा ही त्याची लक्षणे. दुसरे वळण म्हणजे संकुचित अर्थाने 'इमारी' : गडद निळा, विटकरी तांबडा आणि सोनेरी या तीन रंगांनी जवळजवळ सगळा पृष्ठभाग भरून काढणारे.

या तीन रंगांचा मेळ भट्टीच्या तंत्रातून निघालेला आहे. कोबाल्टपासून होणारा निळा रंग सुमारे १३०० अंश सेल्सियसच्या उष्णतेत टिकतो. म्हणून तो कच्च्या भांड्यावर, झिलईच्या खाली, प्रथम देता येतो. लोहापासून होणारा तांबडा रंग व सोने यांना ती उष्णता सोसत नाही. म्हणून ते झिलईवर नंतर देऊन कमी आचेवर पुन्हा भाजावे लागतात. निळ्याचा काठ भट्टीत थोडा पसरतो आणि त्याच्या कडा तांबड्या व सोनेरी रेषांनी बांधून घेतल्या जातात. त्यामुळे इमारी नक्षीत निळा रंग मोठ्या ठशांत आणि तांबडा-सोनेरी रंग बारीक रेषांत दिसतो.

४. इंग्लंडमधील पहिले अनुकरण

१६८३ नंतर जिंगडेझेनच्या भट्ट्या पुन्हा नीट चालू झाल्या आणि चिनी कारागिरांनी आरिताच्या तीन रंगांच्या मालाची नक्कल सुरू केली. संग्राहक तिला 'चिनी इमारी' म्हणतात. येथून पुढे कोणता युरोपीय कारखाना मूळ जपानी भांडे समोर ठेवून काम करीत होता आणि कोणता चिनी नकलेवरून, हे प्रत्येक वेळी वेगळे तपासावे लागते. त्यात जर्मनीची भर पडली. सॅक्सनीतील माइसेन येथे १७१० मध्ये युरोपातील पहिला खरा पोर्सलिनचा कारखाना निघाला आणि तेथे काकिएमोन नक्षीची हुबेहूब चित्रे उतरविली जाऊ लागली.

इंग्लंडमधील कारखाने १७४० नंतरच्या दशकात उभे राहिले. लंडनजवळील चेल्सी व बो, आणि पुढे १७५० च्या सुमारास डर्बी व १७५१ मध्ये वुस्टर, ही त्यांतील महत्त्वाची नावे. या कारखान्यांना प्रारंभी केओलीनपासून कठीण पोर्सलिन करण्याची विद्या अवगत नव्हती. इंग्लंडमध्ये तिचे पेटंट विल्यम कुकवर्दी याने १७६८ मध्ये घेतले. तोवर प्रत्येक कारखाना निराळे मिश्रण वापरी : चेल्सीत काचेची पूड मिसळलेले, बो येथे हाडांची राख घातलेले, वुस्टरला कॉर्नवॉलमधील संगजिऱ्याचे. म्हणजे 'जपानी' दिसणाऱ्या या भांड्यांचे अंग रसायनदृष्ट्या जपानी भांड्याहून पूर्णपणे भिन्न होते.

या काळातील इंग्लिश नमुने बहुतांशी काकिएमोन वळणाचे आहेत. चेल्सीने ते काही वेळा जपानी भांड्यांवरून, तर काही वेळा माइसेनच्या नकलांवरून घेतले. या उसनवारीत चित्रांचे अर्थ कसे बदलले हे भाषाभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. आरिताच्या भांड्यांवर लावा पक्ष्यांची जोडी असे. ते चित्र बो, चेल्सी व वुस्टर या तिन्ही ठिकाणी काढले गेले, पण इंग्लिश व्यापारात त्याला 'तित्तिर नमुना' म्हणत. पक्षी बदलला तो चित्रात नव्हे, नावात.

याहून बोलके उदाहरण एका मोठ्या रांजणाच्या चित्राचे आहे. चीनमधील सोंग काळातील इतिहासकार सिमा ग्वांग (१०१९-१०८६) याच्या बालपणीची एक कथा प्रसिद्ध आहे. खेळता खेळता एक मुलगा पाण्याने भरलेल्या रांजणात पडला. इतर मुले पळाली, पण सिमा ग्वांगने दगड मारून रांजण फोडला आणि सोबत्याचे प्राण वाचविले. मौल्यवान वस्तूपेक्षा जीव मोठा, हे कथेचे तात्पर्य. आरिताच्या चित्रकारांनी ही चिनी कथा काकिएमोन वळणात रंगविली आणि ते चित्र चेल्सीत पोहोचले. इंग्लंडमध्ये कथा कोणालाच ठाऊक नव्हती. तेथील रंगभूमीवर त्या वेळी एक प्रहसन लोकप्रिय होते. त्यात हॉब नावाच्या खेडवळ माणसाला विहिरीत टाकतात. चित्राला नाव पडले 'विहिरीतला हॉब'. चिनी नीतिकथा, जपानी चित्र, इंग्लिश प्रहसनाचे नाव असा हा तिपेडी प्रवास आहे. आणि आजही संग्राहकांच्या याद्यांत तेच नाव चालते.

खुद्द कारखान्यांची नावेही या प्रक्रियेतून सुटली नाहीत. बो येथील कारखाना स्वतःला 'न्यू कँटन' म्हणवून घेई आणि तेथील १७५० मधील दौतींवर तसा लेखही आहे. लंडनच्या पूर्वेस वसलेल्या या 'नव्या कँटन'मध्ये जपानी लावे रंगविले जात आणि ते तित्तिर म्हणून विकले जात.

५. 'जपान' : देशनामाचे सामान्यनाम

अठराव्या शतकातील इंग्लिश विक्रीयाद्यांत 'इमारी' हा शब्द भेटत नाही; तेथे 'जपान' भेटतो. हा शब्द इंग्रजीत सामान्यनाम बनला होता. लाखेच्या चकचकीत कामाला 'जपान' म्हणत, तसे काम करण्याचे क्रियापदही त्याच्यापासून झाले, आणि भांड्यांच्या व्यवहारात 'जपान' म्हणजे एका विशिष्ट धर्तीचा नमुना. 'इमारी' हे नाव इंग्रजीत पुढे संग्राहकांच्या व्यवहारातून रूढ झाले. त्यामुळे एखाद्या जुन्या कागदात 'जपान' आहे की 'इमारी', यावरून तो कागद मूळ विक्रीच्या काळचा आहे की नंतरच्या वर्णनाचा, याचा प्राथमिक अंदाज करता येतो.

१७९१ मध्ये इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांड्यांची घाऊक आयात थांबविली. त्याच दशकाच्या अखेरीस स्टोक येथे दुसऱ्या जोसाया स्पोडने 'बोन चायना' या मिश्रणाला निश्चित रूप दिले. त्यात साधारणतः निम्मा भाग हाडांची राख आणि उरलेल्या निम्म्यात केओलीन व कॉर्नवॉलचा दगड असे प्रमाण असते. बाहेरून येणारा माल थांबला आणि देशात स्वस्त, बळकट, शुभ्र द्रव्य उपलब्ध झाले. या दोन कारणांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाट, सोनेरी, तीन रंगांच्या 'जपान' नमुन्यांची लाट आली. स्पोडच्या नमुना-वहीतील ९६७ क्रमांकाचा नमुना या लाटेचा प्रातिनिधिक म्हणता येईल. १८०२ मध्ये नौसेनापती नेल्सन वुस्टर येथील चेंबरलेनच्या कारखान्यात गेला आणि त्याने आपल्या घरासाठी मागणी नोंदविली तीही 'जपान' नमुन्याचीच. १८०५ मध्ये तो ट्रफाल्गारच्या लढाईत पडला, तोपर्यंत त्या मागणीपैकी न्याहारीची भांडीच पुरी झाली होती.

डर्बीचा कारखाना विल्यम ड्यूझबरीच्या हाती १७५६ पासून वाढला. १७७५ मध्ये त्याला खुणेत राजमुकुट वापरण्याची मुभा मिळाली. १८११ पासून तो रॉबर्ट ब्लूरच्या ताब्यात आला आणि त्याने 'जपान' नमुन्यांवर मोठा भर दिला. दाट निळा-सोनेरी नक्षीकाम केल्यास अंगातील बारीकसारीक दोष झाकले जातात, ही या भराची व्यावहारिक बाजू होती. १८४८ मध्ये तो कारखाना बंद पडला; काही कारागिरांनी किंग स्ट्रीटवर छोट्या प्रमाणावर काम चालू ठेवले; १८७७ च्या सुमारास नवी कंपनी निघाली आणि १८९० मध्ये तिला व्हिक्टोरिया राणीकडून 'रॉयल क्राउन डर्बी' हे नाव मिळाले. या कंपनीचे ११२८ व २४५१ या क्रमांकांचे नमुने एवढे लोकप्रिय झाले, की इंग्रजी घरांत 'इमारी' म्हणताच आरिता नव्हे तर डर्बी आठवू लागली. पैठणीच्या नावात पैठण निदान उच्चारले तरी जाते. येथे आरिता मुळातच उच्चारली गेली नव्हती, आणि उरलेले इमारीही आता एका इंग्लिश कारखान्याचे वैशिष्ट्य बनले.

याच काळात जपानी प्रभावाची एक दुसरी, स्वतंत्र लाट आली. १८६२ च्या लंडन प्रदर्शनानंतर युरोपात जपानी कलेविषयी नवे कुतूहल निर्माण झाले आणि वुस्टरच्या कारखान्याने १८७० नंतर हस्तिदंती रंगाच्या अंगावर जपानी धर्तीचे उठावकाम केले. या कामाची प्रेरणा जपानी लाखकाम, धातुकाम व हस्तिदंतकाम यांच्यातून आलेली आहे. तिचा तीन रंगांच्या जुन्या 'जपान' नमुन्याशी थेट संबंध नाही. दोहोंना 'जपानी प्रभाव' या एकाच सदरात घालणे म्हणजे शंभर वर्षांचे अंतर पुसणे होय.

६. वस्तूची साक्ष

नावे अशी भ्रामक असल्याने निर्णय वस्तूवरूनच करावा लागतो. यासाठी चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट द्रव्य. आरिताचे अंग कठीण असते, आणि झिलई त्याच्याशी एकजीव झालेली दिसते. बोन चायनाचे अंग उजेडासमोर धरल्यास पातळ, शुभ्र व उबदार छटेचे भासते. वुस्टरच्या जुन्या संगजिऱ्याच्या अंगातून येणारा उजेड पुष्कळदा हिरवट असतो.

दुसरी गोष्ट बूड. आरिताच्या मोठ्या बश्या भट्टीत खचू नयेत म्हणून बुडाखाली मातीचे बारीक टेकू लावीत; त्यांचे छोटे व्रण तळाशी दिसतात. चिनी नकलांवर ते सहसा नसतात, आणि त्यांचे अंगही बहुधा अधिक पातळ असते.

तिसरी गोष्ट आकार. कानाचा कप, सूपचे झाकणाचे पात्र, एकाच नक्षीचा पूर्ण जेवणाचा संच या युरोपीय टेबलाच्या गरजा आहेत. केवळ आकारावरून निर्णय करता येत नाही, कारण डचांनी आरितालाही युरोपीय आकार पुरविले होते. परंतु द्रव्याच्या साक्षीला त्याने बळकटी येते.

चौथी गोष्ट खूण. मुकुट, एकमेकींवर ठेवलेल्या दोन काठ्या, ठिपके व 'डी' हे अक्षर ही डर्बीची खूण. बुडाशी रंगाने लिहिलेला नमुना-क्रमांक हाही इंग्लिश कारखान्यांचा विशेष. १८९१ नंतरच्या निर्यात मालावर अमेरिकन कायद्यामुळे 'इंग्लंड' असे देशनाव येऊ लागले. तथापि खुणेवर सर्वांत शेवटी विसंबावे. वुस्टरने आपल्या भांड्यांवर चिनी मुद्रेसारखे चौकोन आणि माइसेनच्या तलवारीही काढल्या आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने जवळजवळ सर्वांच्याच खुणांची नक्कल केली. मुलूखमैदान तोफेवर ओतणाऱ्याचा लेख आहे तसा जिंकणाऱ्याचाही आहे. दोन्ही खरे आहेत, पण दोन्ही एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत. भांड्याच्या बुडाखालील खूण वाचताना तोच विवेक अवश्य आहे.

७. मराठी नोंदीची पद्धत

हा प्रश्न मराठी अभ्यासकाला दूरचा नाही. परंडा तालुका १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या राजधानीत तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान (१८८९-१९४९) यांनी जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय १९५१ मध्ये उघडले आणि १९६१ च्या कायद्याने ते राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरले. तेथे युरोपीय पोर्सलिन आणि चीन-जपानमधील कलावस्तू अशी स्वतंत्र दालने आहेत. मुंबईस १९२२ मध्ये सुरू झालेल्या, आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतही टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी व जपानी भांडी आहेत. संग्रहालयाची मांडणी देशावर आधारलेली असते. नक्षी मात्र देशांच्या सीमा ओलांडून फिरते. म्हणून अशा वस्तूंची मराठीत नोंद करताना, किंवा इंग्रजी सूचीवरून मराठी सूची तयार करताना, 'जपान' शब्दाचे 'जपानी' असे सरळ भाषांतर केले तर इंग्लिश वस्तू जपानी ठरते, आणि 'इमारी'चे 'इमारी येथील' असे केले तर वस्तूला न घडलेल्या गावाचे जन्मस्थान मिळते.

हे टाळण्यासाठी नोंदीत चार घरे स्वतंत्र ठेवणे इष्ट होईल : घडणीचे स्थळ, द्रव्य, नक्षीचे वळण आणि व्यापारातील नाव. अशा नोंदीत पूर्वोक्त बशी पुढीलप्रमाणे दिसेल. घडण : डर्बी, इंग्लंड. द्रव्य : बोन चायना. वळण : आरिता येथील तीन रंगांचे. व्यापारनाम : जपान, पुढे इमारी. 'जपानी' हे विशेषण जपानात घडलेल्या वस्तूसाठी राखून ठेवावे आणि अनुकरणासाठी 'जपानी धर्तीचे' किंवा 'जपान नमुन्याचे' असे म्हणावे. 'चिनी माती' ही संज्ञा कच्च्या मातीसाठी वापरावी की भाजलेल्या पदार्थासाठी, हेही एकदा ठरवून घ्यावे लागेल. निदान शास्त्रीय नोंदीत पहिलीसाठी 'केओलीन' व दुसऱ्यासाठी 'पोर्सलिन' हे शब्द वापरल्यास घोटाळा होणार नाही. बोलीतील 'चिनी', 'बरणी', 'कपबशी' हे शब्द मात्र जसेच्या तसे राहावेत. ते चुकीचे नाहीत, ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहेत.

या चार घरांपैकी तिसऱ्या घरात आरिताचे नाव येते, ही बाब केवळ सोयीची नाही. पकडून आणलेल्या कोरियन कुंभारांनी ज्या गावी जपानी पोर्सलिनचा पाया घातला, त्या गावाचे नाव बंदराच्या नावाखाली, मग देशाच्या नावाखाली आणि अखेर एका इंग्लिश कारखान्याच्या कीर्तीखाली गेले. डर्बीच्या चित्रकारांचे कौशल्य त्यामुळे कमी ठरत नाही; निराळ्या द्रव्यावर, निराळ्या भट्टीत, निराळ्या आकारांवर त्यांनी ही नक्षी पुन्हा उभी केली, हे त्यांचे स्वतःचे काम होय. घडणीचे घर आणि वळणाचे घर वेगळे ठेवले, की दोघांनाही आपापले श्रेय मिळते. सूची करणाऱ्याकडून एवढ्या न्यायाची अपेक्षा करणे गैर नव्हे.